बकऱ्या माती चाटायच्या, बोकडाचं लघवीला अडलं

आमच्याकडे पारोळा तालुक्यात बकऱ्या म्हणजे सासूबाईंचं खातं. सकाळी दहाला सोडायच्या, बांधाबांधाने बोर, बाभूळ, निंब ओरबाडत फिरवायच्या, कापूस वेचून झाला की पऱ्हाटीत घालायच्या आणि दिवेलागणीला घरी. खुराक असा काही नाहीच. व्यायलेल्या बकरीला ओंजळभर बाजरी, संपला विषय. २०२१ च्या पावसाळ्यात सासूबाई बांधावरून घसरल्या, पाय मोडला, आणि सोळा बकऱ्या, दोन बोकड माझ्या गळ्यात आले. मला शेतातली कामं सोडून रानोमाळ फिरणं जमणारं नव्हतं. मी सगळ्यांना गोठ्यात बांधलं.

घरात होतं ते घातलं. दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीच्या, कडब्याची कुट्टी, थोडी हिरवी मका, संध्याकाळी मूठमूठ सरकीची ढेप. आमच्या भागात जनावर म्हटलं की ढेप, त्यापुढे कुणी विचारच करत नाही. बोकडांचा मात्र थाट वेगळा. ईदला विकायचे म्हणून त्यांना गव्हाचा कोंडा, बाजरीचा भरडा आणि ढेप, तेही खातील तेवढं. दोघं असे टरारले की येणारा-जाणारा थांबून बघायचा. मीही जरा ताठ मानेने फिरत होते.

दिवाळीनंतर बकऱ्यांचं लक्षण बिघडलं. भिंतीचा पोपडा चाटायच्या, खाली वाकून माती खायच्या, एकीने गोणपाट अर्धं चावून टाकलं. केस राठ झाले, काळ्या बकऱ्या तांबूस दिसायला लागल्या. शेजारचे नाना एकदा गोठ्याशी उभे राहून म्हणाले, "काबरं चाटी राह्यन्यात व पोरी, तुन्या बकऱ्या माटी?" मला काय माहीत! दुकानात विचारलं तर त्याने कॅल्शियमची बाटली हातात दिली. महिनाभर पाजली. बाटली संपली, भिंत चाटणं काही संपलं नाही.

मार्चमध्ये मोठा बोकड एका संध्याकाळी पाठ वाकवून उभा राहिला, कुंथायला लागला. मला वाटलं लेंड्या अडल्या. गोडेतेल पाजलं. रात्रभर ओरडत होता. सकाळी डॉक्टर आले, त्यांनी आधी मागचं नाही, पुढचं पाहिलं. लघवी अडली होती, मुतखडा. त्यांनी टोकाची बारीक नळी कापून पाहिली, पण मूत्राशय आतच फुटलं होतं. दुपारी बोकड गेला. ईदच्या तोंडावर जे पैसे येणार होते ते गेलेच, पण मला जास्त लागलं ते गोडेतेलाचं. कुंथतोय म्हणजे पोटच, असं मी धरून चालले. बोकड कुंथताना दिसला की आधी लघवी होते का ते बघायचं, हे कुणी सांगितलं असतं तर एक रात्र वाचली असती.

डॉक्टरांनी दुसऱ्या बोकडाला धरून लघवीच्या जागेचे केस माझ्या बोटांना लावले. बारीक रेतीसारखे कण चिकटलेले. "हा पण त्याच वाटेवर आहे ताई. खायला काय देता?"

मी सांगत गेले, ते औषधाच्या खोक्यामागे लिहीत गेले. कोंडा, भरडा, ढेप या तिन्हींत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. अंगात कॅल्शियम साधारण दोन भाग तर फॉस्फरस एक भाग जायला हवा. माझ्या बोकडांचं उलटं झालं होतं, त्यातून खडे. मग ते बकऱ्यांकडे वळले. यांना तर नुसता कडबा, ढेप ती मूठभर, आणि त्यात ना फॉस्फरस पुरेसा, ना तांबं, ना जस्त. माती चाटणं, गोणपाट चावणं ही बहुतेक फॉस्फरसची भूक. केस तांबूस होणं तांब्याच्या कमतरतेचं असू शकतं. एकाच गोठ्यात, दहा फुटांवर, एकीकडे एका गोष्टीची उपासमार आणि दुसरीकडे त्याच गोष्टीचं अजीर्ण! आणि मी पाजत होते कॅल्शियम, तेही बकऱ्यांना. ज्याला हवं होतं तो बोकड बिचारा बघत होता.

त्यांनी लगेच खनिजांची पावडर मात्र लिहून दिली नाही. आधी लेंड्या तपासायला आणा म्हणाले, कारण पोटात जंत असले तरी जनावर माती खातं. जंत निघालेच. औषध पाजलं आणि त्याच आठवड्यात मिनरल मिक्श्चर, म्हणजे ती खनिजांची पावडर, हीही सुरू केली, त्यामुळे पुढे फरक पडला त्याचं श्रेय नक्की कुणाचं, हे मी छातीठोक सांगणार नाही.

मिनरल मिक्श्चर आणायला गेले तर दुकानदाराने "शेळ्या-मेंढ्यांसाठी" लिहिलेली पिशवी काढली. डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून मागची बाजू वाचली. तांबं नव्हतंच. मेंढीला तांबं लवकर बाधतं म्हणून तिच्या मिश्रणात ते टाळतात, बकरीला मात्र ते जास्त लागतं. दोघींना एकाच पिशवीत बसवलं की नुकसान बकरीचं. दुसरी पिशवी घेतली, तिच्यावर कॅल्शियम २० टक्के, फॉस्फरस १२ टक्के आणि तांबं, जस्त, कोबाल्ट, आयोडीन असं एकेक लिहिलेलं होतं. मोठ्या बकरीला रोज १० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा तोलून चहाच्या चमच्याला खूण केली.

पण बकऱ्या ती खातील तर शपथ. कोंड्यात टाकली तर फुंकर मारून कोंडा खायच्या, पावडर तळाला तशीच. आठ दिवस मी तळ खरडत होते. शेवटी चुणी, म्हणजे डाळ भरडताना निघणारा चुरा आणि टरफलं, भिजवून, गुळाचं पाणी शिंपडून त्यात कालवली, तेव्हा टोपली चाटून साफ.

चुणीचं एक बरं, जळगावला डाळ मिलं आहेत म्हणून आपल्याकडे तूर-हरभऱ्याची चुणी सहज मिळते. आता १०० किलो खुराक घरीच करते: मक्याचा भरडा ४० किलो, चुणी २०, शेंगदाण्याची ढेप २०, कोंडा १७, मिनरल मिक्श्चर २ आणि मीठ १ किलो. ३० किलोच्या बकरीला २०० ते २५० ग्रॅम, व्यायला दीड महिना उरला की थोडा जास्त. बोकडाच्या खुराकात कोंडा नाही, वर कॅल्शियमसाठी किलोभर चुनखडीची पावडर, आणि कितीही मागितलं तरी पाव किलोच्या पुढे नाही. पोट भरायला तुरीचं भुसकट. पाणी दिवसातून तीनदा बदलते, कारण आपल्या मे महिन्यात टाकीतलं पाणी चहाला उकळल्यासारखं होतं आणि बोकड तोंड लावत नाही. पाणी कमी प्यायला तर लघवी घट्ट, म्हणजे पुन्हा तीच भीती.

सरकीची ढेप पूर्ण बंद केली नाही, मोठ्या बकऱ्यांना चालते. लहान पिल्लांना मात्र देत नाही, तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य त्यांना सोसत नाही. जे काही बदललं ते आठ-दहा दिवसांत थोडं थोडं. मध्ये एक बकरी सुटून दादरच्या पोत्याला लागली होती, तिचं पोट फुगून जे हाल झाले, त्यानंतर पोत्यांच्या खोलीला कुलूप आहे.

हिरव्याचा हिशोब मला उशिरा कळला. किलोभर हिरवी मका म्हणजे पाऊण किलोच्या वर पाणीच. २५ किलोच्या बकरीला पाणी वगळून दिवसाला साधारण किलोभर चारा पोटात जायला हवा. मग बांधावर शेवरी लावली, थोडी सुबाभूळ. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालत नाही.

हे सगळं सासूबाई खाटेवरून ऐकत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "बकरी घास नही खास व माय, बकरी झाड खास." म्हणजे बकरी गवत खात नाही, झाडपाला खाते. कॅल्शियम-फॉस्फरस त्यांना ठाऊक नाही, पण बोर-बाभळीच्या पाल्यात कॅल्शियम चांगलं असतं, आणि त्यांच्या हाताखाली वीस वर्षांत एकाही बोकडाला खडा झाला नव्हता. पाय बरा झाल्यावर त्या काठी टेकत जाऊन अंजनाच्या, बोराच्या डहाळ्या आणायला लागल्या. खाली टाकत नाहीत, आढ्याला उलट्या टांगतात. बकऱ्या मागच्या पायांवर उभ्या राहून खातात.

दोनेक महिन्यांत भिंत चाटणं थांबलं. नवे केस काळे आले. दुसरा बोकड ईदला विकला, वजन पहिल्याइतकं भरलं नाही, भाव थोडा पडूनच मिळाला. आता नवे तीन आहेत. सकाळी गोठ्यात गेले की मी आधी त्यांची लघवी होईपर्यंत उभी राहते, आणि आमचे हे लांबून विचारतात, "झाली का गं तिघांची?"