पाच रात्रींचा माल्टा, आईंच्या गुडघ्यांच्या वेगाने

भूमध्य समुद्रातल्या माल्टा या बेटांच्या देशाला जायचं ठरलं की पहिलं तिकीट विमानाचं काढू नका. पहिलं काढा ते पाओला गावातल्या हायपोजियमचं. चुनखडीच्या खडकात खाली खाली तीन थरांत कोरत नेलेलं हे दफनस्थान पाच हजार वर्षांहून जुनं आहे. आत तासाला फक्त दहा आणि दिवसाला ऐंशी माणसं सोडतात, त्यामुळे तिकिटं कित्येक आठवडे आधीच संपतात. ऑक्टोबरच्या सहलीसाठी आम्ही जूनअखेरीस हेरिटेज माल्टा या सरकारी संस्थेचं संकेतस्थळ उघडलं, तर आम्हाला हव्या त्या आठवड्यात एका शुक्रवारी सकाळी तीनच जागा उरल्या होत्या. त्या घेतल्या आणि बाकीची सगळी सहल त्या सकाळीभोवती बेतली. उलट्या क्रमाने गेलात तर विमान मिळेल, हॉटेल मिळेल आणि हे नेमकं राहून जाईल.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. वय ७१, सांगलीच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. हा वृत्तांत मुख्यतः वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

माल्टाचं क्षेत्रफळ जेमतेम ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मं. हा आकडा फसवा आहे. नकाशावर सगळं हाताशी दिसतं आणि माणूस एका दिवसात चार ठिकाणं कोंबतो. माझ्या पहिल्या आराखड्यात गोझो बेट, कोमिनो बेटाचं निळं पाणी आणि मोस्ताचं घुमटाचं चर्च असं सगळं एकाच दिवशी होतं! प्रत्यक्षात रस्ते अरुंद, गर्दी मुंबईसारखी, आणि पंधरा किलोमीटरला बस सहज तास घेते. दिवसाला एकच दिशा धरा, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा, लागतो. प्रौढांना शुल्क ९० युरो, प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवस आधी ही शेवटची मुदत आहे, तिच्यावर विसंबू नका; बोटांच्या ठशांसाठी वेळ मिळण्यातच आमचे तीन आठवडे गेले. मुंबईहून थेट विमान नाही. दुबई किंवा इस्तंबूलला बदलावं लागतं, आणि आईंसाठी आम्ही मधला थांबा मुद्दाम चार तासांचा घेतला.

सामानाबद्दल एक महत्त्वाचं. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणून पेढे, तूप आणि तुपातले लाडू घरीच ठेवा. आम्ही मेतकूट, तेलावरचा चिवडा आणि दाण्याची चटणी नेली, खोलीत किटली होतीच. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे. ॲडॅप्टर इथूनच न्या. माल्टा १९६४ पर्यंत ब्रिटिशांकडे होतं, त्यामुळे इंग्रजी सगळीकडे चालतं आणि गाड्याही आपल्यासारख्या डाव्या बाजूने धावतात. तरी गाडी भाड्याने घेऊ नका असंच म्हणेन. गाडी उभी करायला जागा शोधण्यात दिवस जातो.

राहायला आम्ही व्हॅलेटा या राजधानीच्या वेशीपासून चालत पाच मिनिटांवरचं छोटं घर घेतलं. बरेच जण स्लीमाला राहतात, तिथे हॉटेलं भरपूर आणि व्हॅलेटाला यायला बोटही आहे. पण बहुतेक बसगाड्या व्हॅलेटाच्या वेशीबाहेरच्या ट्रायटन कारंज्यापासून सुटतात, आणि पहिल्या थांब्यावर चढलं की आईंना बसायला जागा मिळते. घर बघताना एकच प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का? जुन्या इमारतींत बहुधा नसते.

व्हॅलेटा हे लढाईनंतर वसवलेलं शहर. १५६५ मध्ये ऑटोमन सैन्याने माल्टाला वेढा घातला, तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी (हा ख्रिस्ती लढवय्यांचा पंथ) तो परतवला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा प्रमुख ला व्हालेट याने उघड्या टेकडीवर या शहराचा पाया घातला. बुरुज आणि तटबंदी बघून आईंना वसईचा किल्ला आठवला. तिथे त्या दर वर्षी मुलांची सहल न्यायच्या. वसईला दगड काळा, इथे मधाच्या रंगाचा, आणि संध्याकाळी उन्हं कलली की सगळं शहर आतून उजळल्यासारखं दिसतं. रस्ते काटकोनात आखलेले, पण टेकडीवरून दोन्ही बाजूंना समुद्राकडे उतरणारे. काही गल्ल्या तर निव्वळ पायऱ्यांच्याच. चढण टाळायची असेल तर मधल्या रिपब्लिक रस्त्यावरून चाला आणि बंदरावर उतरायला अपर बराक्का बागेजवळची लिफ्ट वापरा. त्याच बागेतून दुपारी बाराला आणि चारला तोफ उडते. पावणेबारालाच कठड्याशी जागा धरा.

खाली पसरलेलं ग्रँड हार्बर बघताना आईंनी एक गोष्ट सांगितली. १८७८ साली रशियाशी युद्ध पेटेल अशी चिन्हं दिसली तेव्हा ब्रिटिशांनी सुमारे सात हजार हिंदी शिपाई मुंबईहून जहाजांत भरून इथे आणले होते. युद्ध झालं नाही. त्यांतले काही पुढे सायप्रसला गेले, बाकीचे परतले. आपली माणसं याच धक्क्यावर उतरली असतील, एवढंच म्हणून त्या बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या.

सेंट जॉनचं कॅथीड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं. बाहेरून अगदी साधं. आत पाऊल टाकलं की सोन्याने मढवलेल्या भिंती आणि पायाखाली सुमारे चारशे सरदारांच्या रंगीत संगमरवरी समाध्या. टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत, खांदे झाकलेले हवेत. शेजारच्या दालनात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ मधलं संत जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, साडेतीन मीटरहून उंच आणि पाच मीटरहून रुंद. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही आहे ती जमिनीवर सांडलेल्या रक्तात. त्याच वर्षी त्याला सरदारांच्या पंथात घेतलं, मग भांडणावरून तुरुंगात टाकलं, तिथून तो पळाला, आणि अखेर त्याला पंथातून काढून टाकण्याची सभा भरली ती याच चित्रासमोर. आम्ही समोरच्या बाकावर अर्धा तास बसलो. इथे घाई करू नका.

शुक्रवारी हायपोजियम. १९०२ मध्ये घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना मजुरांना हे सापडलं. पिशव्या आणि फोन बाहेर ठेवावे लागतात, फोटो अजिबात नाही. आत दिवा फक्त तुम्ही उभे असाल तिथे लागतो आणि पुढे सरकलात की मागे विझतो. छतावर लाल गेरूची वेटोळी नक्षी, खडकातच कोरलेल्या चौकटी आणि कमानी, जणू जमिनीवरचं देऊळ कोणी खाली उतरवून ठेवलंय. सुमारे सात हजार माणसांचे अवशेष इथे होते असा अंदाज आहे. धातूचा कोंदट वास, थंड ओलसर हवा, कोणी बोलत नव्हतं. पायऱ्या आहेत पण कठडे धड आहेत, आईंनी माझा दंड धरून सगळं पाहिलं. तिकीट नाहीच मिळालं तर आदल्या दिवशी प्रत्यक्ष खिडकीवर थोडी जास्त दराची तिकिटं विकतात, मात्र रांगेत सकाळीच उभं राहावं लागतं. इथे सापडलेली ‘निजलेली स्त्री’ ही तळहातावर मावेल एवढी मातीची मूर्ती व्हॅलेटातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ती आम्ही आदल्या दिवशी पाहिली होती आणि तोच क्रम चांगला.

पाओलाहून बिर्गू जवळ आहे. वेढ्याच्या काळात सरदारांचं ठाणं हेच होतं. तिथल्या गल्ल्यांत दुपार काढा आणि परत येताना बसऐवजी बंदर ओलांडणारी ‘दायसा’ ही छोटी रंगीत होडी घ्या. पाण्यातून व्हॅलेटाचा तट अंगावर येतो. होडीत चढताना पाय उंच टाकावा लागतो, होडीवाला हात देतो.

शनिवारी गोझो, आणि इथे आमचं गणित चुकलं. व्हॅलेटाहून बसने चिरकेव्वाच्या धक्क्याला सव्वा तास, पुढे फेरीबोटीने पंचवीस मिनिटं. फेरीबोटीचं तिकीट जाताना नव्हे, परत येताना काढायचं असतं. शाराजवळचं जिगान्तीया मंदिर इसवी सनपूर्व ३६०० च्या सुमाराचं, म्हणजे पिरॅमिडांच्याही आधीचं. काही शिळा माणसाच्या दोन-तीन पट उंच. ते नीट पाहिलं, व्हिक्टोरिया शहरातल्या किल्ल्यावर गेलो, आणि मार्साल्फोर्नजवळची खडकात कोरलेली मिठागरं आम्ही शेवटच्या उजेडात गाठली. परतताना चिरकेव्वाला एकामागून एक दोन बसगाड्या भरून गेल्या आणि आई पन्नास मिनिटं उभ्या होत्या. त्यांनी तक्रार केली नाही, मला मात्र फार लागलं. वडीलधारे बरोबर असतील तर एक रात्र गोझोलाच मुक्काम करा. ते जमणारं नसेल तर व्हॅलेटाहून थेट जलद बोट आहे, पाऊण तासात पोचवते. वारा सुटला की मात्र ती रद्द होते, म्हणून सकाळीच चौकशी करा. जुन्या फोटोंत दिसणारी समुद्रातली भव्य दगडी कमान शोधू नका, ती ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. कोमिनो आम्ही सोडूनच दिलं. तिथल्या ब्लू लगूनला हंगामात आता आधी वेळ राखून जावं लागतं, आणि सावली जवळपास नाहीच.

रविवारी मार्साश्लोकचा मासळीबाजार. माल्टीज लिपीत ‘x’ म्हणजे ‘श’, एवढं कळलं की पाट्या वाचता येतात. नाळेवर डोळे रंगवलेल्या निळ्या-पिवळ्या होड्या सुरेख आहेत, पण दहानंतर पाय ठेवायला जागा राहत नाही, साडेआठलाच पोचा. तिथून टॅक्सीने हाजार इम आणि इम्नाय्द्रा ही कड्यावरची दोन मंदिरं. दोन्हींवर ऊनपावसापासून जपायला मोठे तंबू आहेत. मधली अर्ध्या किलोमीटरची वाट उतरणीची असल्याने येताना चढण लागते. आई वरच्याच मंदिरात थांबल्या आणि आम्ही दोघं खाली जाऊन आलो. विषुवदिनाला उगवत्या सूर्याची किरणं इम्नाय्द्राच्या दारातून थेट आत शिरतात.

माल्टीज भाषेने आईंना फार आनंद दिला. ती मुळात अरबी वळणाची, पण रोमन लिपीत लिहिलेली. जगाला ‘दिन्या’, पुस्तकाला ‘क्तीब’, वर्षाला ‘सेना’. आपले दुनिया, किताब आणि सन त्याच अरबी घरातून आलेले. आई दुकानांच्या पाट्या वाचत अशा शब्दांची वहीत यादी करत होत्या.

शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही. पास्तित्झी म्हणजे खुसखुशीत पापुद्र्यांची करंजीसारखी गोष्ट, आत रिकोटा चीज किंवा वाटलेले वाटाणे. काही ठिकाणी पिठात चरबी घालतात, म्हणून विचारूनच घ्या. ‘फ्तीरा’ या चपट्या पावात बहुधा टूना घालतात, तो वगळायला सांगितला की टोमॅटो, ऑलिव्ह आणि केपर्सचा पाव मिळतो. भारतीय जेवण म्सीदा आणि ग्झिरा भागात सहज मिळतं. नळाचं पाणी पिण्यालायक असलं तरी चव मचूळ लागते, कारण बेटावर नदी नाही आणि बरंचसं पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं. आम्ही बाटल्याच घेतल्या.

बसचं तिकीट दोन ते अडीच युरो, दोन तास चालतं, त्यात गाडी बदलता येते. ऑक्टोबर निवडला याचं समाधान आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वयस्क माणसांनी जाऊ नये, उघड्या दगडावर ऊन सोसवत नाही. एखादी जोरदार सर आली तर छत्री हवी.

सोमवारी संध्याकाळचं विमान होतं, म्हणून सकाळ इम्दिनासाठी ठेवली. सरदार येण्याआधीची ही राजधानी, आता तटाच्या आत तीनशेहूनही कमी लोक राहतात आणि बाहेरच्या गाड्यांना प्रवेश नाही. नऊच्या आत गेलात तर तुमच्या पावलांचा आवाज ऐकू येतो. रस्ता सपाट, बसायला बाकं. तटावरून मोस्ताचा घुमट दिसतो. ९ एप्रिल १९४२ ला तो फोडून बॉम्ब आत पडला, खाली प्रार्थनेला शेकडो माणसं होती आणि बॉम्ब फुटला नाही. त्यापलीकडे समुद्र. आई तिथे वही उघडून बसल्या, आणि अकरा वाजता मीच त्यांना उठवलं, कारण सामान घ्यायला व्हॅलेटाला परत जायचं होतं.