अंगावरून वारं गेलं? आधी वेळ लिहून ठेवा

गावाकडे अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात आणि पहिला तास हातापायाला तेल चोळण्यात जातो. हा पक्षाघाताचा झटका, म्हणजे स्ट्रोक; दुखणं हातापायात नसतं, मेंदूत असतं. मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, जीभ अडखळणं, यातलं एकही अचानक झालं तर १०८ला फोन करा आणि रात्रीही सीटी स्कॅन चालू असतं अशाच रुग्णालयात जा.

तिथे पहिला प्रश्न वेळेचा असतो आणि घोळ नेमका इथेच होतो. पहाटे पाचला उठल्यावर हात हलेना, तर घरचे ‘पाच वाजता’ सांगतात. घड्याळ मात्र माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून, म्हणजे तो रात्री दहाला झोपला असेल तर दहापासून मोजायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. झोपेत झटका आलेल्या काही जणांना मात्र एमआरआय पाहून ते देता येतं.

स्कॅनआधी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. झटका रक्तस्रावाचाही असू शकतो, आणि बाहेरून पाहून तो ओळखता येत नाही. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणं तर फारच वाईट. बंद वाहिनीपलीकडचा मेंदू आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांवर तगून असतो. दाब एकदम पडला की तोही जातो. इंजेक्शनआधी दाब १८५/११०च्या खाली लागतो, पण तो उतरवायचा रुग्णालयात, मोजूनमापून.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मात्रा वजनावर ठरते. त्यात दोन औषधं वापरतात. अल्टेप्लेज किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. साठ किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम: त्यातलं ५.४ एका मिनिटात, उरलेलं ४८.६ तासभर पंपाने. टेनेक्टेप्लेज किलोला ०.२५, म्हणजे त्याच माणसाला १५ मिलिग्रॅम, एकाच दमात. पंप लागत नसल्याने रुग्णाला तालुक्याहून पुढे हलवताना हे औषध फार सोयीचं पडतं. वजन अंदाजाने जास्त धरलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, कमी धरलं तर गुठळी तशीच राहते. म्हणून खरं वजन सांगा आणि चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सगळा निर्णय बदलू शकतो.

मोठ्या वाहिनीतली गुठळी नुसत्या औषधाने बऱ्याचदा हलत नाही. मग जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात, गुठळीत जाळी उघडतात, ती काही मिनिटं रुतू देतात आणि ओढताना मागून शोषण लावतात. २०१५ साली पाच चाचण्यांनी या उपचाराचा फायदा ठामपणे दाखवला; २०१८च्या दोन चाचण्यांनी, स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा मेंदू दिसत असेल तर, गुठळी अशी काढण्याची मुदत थेट २४ तासांपर्यंत नेली. ‘साडेचार तास उलटले, आता काही होत नाही’ हे कुणी सांगितलं तरी गुठळी काढणाऱ्या केंद्राला फोन लावून विचारा.

आणि नर्सने गिळण्याची तपासणी करेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा देऊ नका. घशाची बाजू लुळी असेल तर पाणी फुप्फुसात उतरू शकतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो.