चौरस मीटरमध्ये न मावणारी हिरवाई

माणशी किती चौरस मीटर हिरवी जागा उपलब्ध आहे, हा आकडा शहरनियोजनाच्या चर्चेत हमखास येतो. त्या जागेत दुपारी घटकाभर बसता येईल अशी सावली आहे का, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने मला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

ऑस्ट्रेलियातील सिडनी, न्यूकॅसल आणि वुलाँगाँग या शहरांतील ४६ हजारांहून अधिक प्रौढांचा सुमारे सहा वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घराच्या परिसरात झाडांचे छत्र ३० टक्के किंवा त्याहून अधिक होते, त्यांच्यात मानसिक त्रास नव्याने उद्भवण्याची शक्यता, १० टक्क्यांहून कमी छत्र असलेल्या परिसरातील लोकांच्या तुलनेत, ३१ टक्क्यांनी कमी आढळली. नुसत्या गवताचा असा लाभ दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. कातरलेले, उन्हात तापणारे आणि कुंपणाआडून केवळ पाहायचे गवत नकाशावर हिरवेच दिसते, पण तिथे कोणी थांबत नाही. झाडाखाली मात्र हवा थोडी निवते, पाखरे येतात, बाकावर बसलेला माणूस काही न करता पानांच्या हालचालीकडे पाहत राहतो आणि दिवसभर एकाच कामाला जुंपलेल्या लक्षाला विसावा मिळतो.

अर्थात, झाडीच्या वस्तीत सुस्थितीतील माणसेच राहत असतील, तर श्रेय झाडांना द्यायचे की उत्पन्नाला, ही शंका रास्त आहे, आणि संशोधक अशा घटकांचा हिशेब मांडत असले तरी ती पुरती मिटत नाही. म्हणूनच अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील प्रयोग मला मोलाचा वाटतो. तेथील ५४१ ओसाड भूखंडांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी करण्यात आली. काहींवरचा राडारोडा काढून गवत व मोजकी झाडे लावली, लाकडी ठेंगणे कुंपण घातले आणि पुढेही नियमित निगा राखली. काहींवर केवळ सफाई केली. उरलेले होते तसेच ठेवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हिरव्या केलेल्या भूखंडांजवळच्या रहिवाशांत खिन्न वाटत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले, केवळ सफाईने मात्र तसा ठोस फरक पडला नाही. भूखंड तेच होते आणि क्षेत्रफळही तेवढेच.

निगा हा शब्द मी मुद्दाम अधोरेखित करते. दिवे बंद असलेल्या, झुडपे माजलेल्या बागेत एकटी बाई संध्याकाळी पाऊल टाकताना आधी मागे वळून पाहते. सावध मनाला तिथे विश्रांती कशी मिळणार? झाडतोडीची भरपाई रोपांच्या संख्येत मोजण्याची पद्धतही मला म्हणूनच अपुरी वाटते. एका जुन्या झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावल्याची नोंद होते, परंतु ती जगली तरी तेवढे छत्र धरायला त्यांना कित्येक वर्षे लागतात, आणि तोवर त्या बाकावर ऊन असते.