अ अननसाचा

परवा दुपारी भाचीला अक्षरांच्या तक्त्यापुढे बसवलं होतं. पहिल्याच चित्रावर बोट ठेवून ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "अ पायनॅपलचा!" ताई स्वयंपाकघरातून खो खो हसली. मला मात्र उगाचच राग आला.

आमच्या लहानपणी सोलापुरात अननस पिकायचा तो फक्त तक्त्यावर. अंगभर खवले, डोक्यावर हिरवी शेंडी; मला तो चिडलेल्या गुरुजींसारखा वाटे. खरा अननस पाहिला तो चौथीत, मामाने मुंबईहून आणला तेव्हा. आजी विळीवर बसून त्याचा एकेक डोळा काढत होती आणि आम्ही भोवती पाटावर बसून होतो. मूळाक्षरांत पहिला मान मिळालेलं फळ म्हणजे पेढ्यासारखं गोड असणार, अशी माझी खात्री. पहिल्या फोडीलाच जीभ चरचरली. आजीने मुकाट्याने मिठाची वाटी पुढे सरकवली.

तर राग. ब्राझीलकडचे तुपी लोक ह्या फळाला 'नाना' किंवा 'नानस' म्हणत. (आमच्या वाड्यातले नानाही तसेच होते, वरून काटेरी.) पोर्तुगिजांनी तो शब्द उचलला, त्याचा 'अनानस' केला आणि गलबतात घालून जगभर नेला. फ्रेंच, जर्मन, डच, इटालियन, पोलिश, रशियन, सगळे आजही अनानसच म्हणतात. आपणही त्यांच्याच पंगतीत. फुगून बसले दोघेच. १४९३ साली कोलंबसाच्या माणसांना ग्वादलूप बेटावर हे फळ दिसलं. स्पॅनिश लोकांना त्यात पाइनचं बोंड दिसलं, म्हणून ते 'पिन्या'. इंग्रजांनीही बोंडाचंच जुनं नाव फळाला चिकटवलं. आणि ब्राझीलमध्ये? तिथे आता बहुतेक जण 'अबाकाशी' म्हणतात.

आपल्याकडे अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त त्याचं दुसरं नाव दिलंय, 'कटहल-इ-सफरी'. सफरीवरचा फणस! हे नाव टिकलं असतं तर तक्त्यावर 'स'ची सोय झाली असती. 'अ'चं काय केलं असतं कोण जाणे.

हे सगळं मी भाचीला सांगायला घेतलं, तोवर ती 'ई'वर पोचली होती. "मामा, ईडलिंबू म्हणजे काय रे?"

ते मीही अजून पाहिलेलं नाही.