आमची वाटचाल : दीड मिनिटात मांडलेले गावाचे मागणे

दापोलीत आमच्या चित्रीकरणाच्या व्यवसायाची सुरुवात लग्ने, शाळांची स्नेहसंमेलने आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांच्या जाहिराती यांपासून झाली. आज आमच्या कामाचा मोठा वाटा सामाजिक कामांसाठी मदत मागणाऱ्या छोट्या चित्रफितींचा आहे. हा बदल ३ जून २०२० रोजी किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर झाला. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. उडालेले छप्पर छायाचित्रात लगेच दिसते, त्यामुळे पत्रे आणि कौले यांसाठी मदत येत होती; पण पडलेल्या पोफळीच्या जागी नवे रोप लावले तरी त्याला सुपारी धरायला पाच-सात वर्षे जातात, आणि तेवढी वर्षे त्या घराने कशावर काढायची, हा प्रश्न छायाचित्रात मावत नव्हता. एका गावातील बागायतदारांनी नेमकी हीच गोष्ट मुंबईतील देणगीदारांना कळेल अशी मांडून देण्याची आम्हाला विनंती केली. त्या चित्रफितीत आम्ही पडझड थोडीच दाखवली. एका बागायतदाराने मोकळ्या झालेल्या वाडीत उभे राहून कोणत्या ओळीत पोफळीची रोपे लावायची, मधल्या जागेत वर्षभरात उत्पन्न देणारी केळी कशी घ्यायची आणि त्यासाठी किती पैसे कमी पडतात, एवढेच सांगितले. पुढच्या सर्व कामांचा साचा तिथेच घडला.

तेव्हापासून कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी आम्ही संस्थेकडून एक वाक्य लिहून घेतो. रक्कम किती, ती कशासाठी, काम कोण करणार आणि कधीपर्यंत, या चारही गोष्टी त्या वाक्यात याव्या लागतात. वाचायला सोपी वाटणारी ही अट प्रत्यक्षात आमच्या कामाचा सर्वांत वेळखाऊ भाग आहे. अध्यक्षांना सभागृह हवे असते, शिक्षकांना वाचनालय, महिला मंडळाला पाण्याची सोय. आणि ‘आमच्या सर्वांगीण विकासाला हातभार लावा’ असे एक गोलमोल आवाहन पुढे येते. अशा आवाहनावर कोणी पैसे देत नाही, कारण आपल्या पैशांनी नेमके काय उभे राहील हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. म्हणून बैठक लांबली तरी चालेल, पण वाक्य ठरल्याशिवाय चित्रीकरणाची तारीख देत नाही, यावर आम्ही ठाम आहोत.

स्वच्छ, सावकाश मराठी बोलणारा माणूस मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलतो. दीड मिनिटाच्या चित्रफितीत मधल्या नैसर्गिक थांब्यांना जागा ठेवली तर दीडशेच्या आसपास शब्द हाती उरतात. त्यात संस्थेचा इतिहास, मान्यवरांचे सत्कार आणि वरून टिपलेला समुद्र यांना जागा नाही. पहिल्या दहा सेकंदांत अडचण आणि माणूस समोर आला पाहिजे, शेवटच्या वीस सेकंदांत मागणे. मध्ये काम कसे होणार, हे दिसले पाहिजे.

वनराई बंधाऱ्यांचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावाड्यांवर टँकर येतात. सच्छिद्र जांभा, तीव्र उतार आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे थोडे अंतर यांमुळे पाणी थांबतच नाही. पावसाळा सरला की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, पऱ्ह्यावर म्हणजे लहान ओढ्यावर श्रमदानाने हे बंधारे घालतात. कोकणाबाहेरच्या माणसाला इथल्या टंचाईवर विश्वास बसत नाही, म्हणून कोरड्या विहिरीचे चित्रण आम्ही मे महिन्यातच करून ठेवतो; भर पावसात हिरव्या डोंगरासमोर उभे राहून पाणी नाही असे सांगितले तर कोणाला पटणार? चित्रफीत गणपतीच्या आधी तयार असते. चाकरमानी गावी येतात तेव्हा मंडळाच्या बैठकीत ती दाखवली जाते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंधारा घालेपर्यंत वर्गणी जमलेली असते. बंधाऱ्यात पाणी साठल्यावर अर्ध्या मिनिटाची दुसरी चित्रफीत आम्ही त्याच शुल्कात करून देतो आणि ती प्रत्येक देणगीदाराला पाठवण्याचा आग्रह धरतो. पुढच्या वर्षी मागायला जाणे त्यामुळे खूप सोपे होते.

किनाऱ्यावर चित्रापेक्षा आवाज सांभाळणे कठीण जाते. खारा वारा माइकमध्ये घुसला की उत्तम बोललेले वाक्यही वाया जाते. म्हणून कॉलरचा माइक, त्यावर केसाळ आवरण आणि बोलण्यासाठी पडवी किंवा मागील दार, अशी आमची पद्धत आहे. बहुतेक लोक चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर, अनेकदा आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे मोठ्या अक्षरांतील मराठी ओळी चित्रावरच छापतो. समुद्री कासवांच्या कामासाठी चित्रण करताना नियम अधिक कडक असतात. घरट्यातून निघालेली पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात, त्यामुळे तेथे दिवे आणि फ्लॅश पूर्णपणे वर्ज्य असतात, आणि वनविभागाच्या परवानगीशिवाय आम्ही किनाऱ्यावर उतरत नाही.

मदत मागणाऱ्या माणसाची मान खाली जाईल असे एकही दृश्य आम्ही ठेवत नाही. मुलांचे चेहरे पालकांच्या लेखी संमतीशिवाय येत नाहीत, आणि अंतिम चित्रफीत प्रथम वाडीतच दाखवली जाते. रडणारा चेहरा दाखवला तर पैसे लवकर येतात, असे आम्हाला अनेकांनी सांगितले आहे. ते खरे असले तरी त्या घराला उद्याही त्याच गावात राहायचे असते.

कंपन्यांपुढे जाणारी आवृत्ती वेगळी करावी लागते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, पण ते काम कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बसणारे असावे लागते. म्हणून या आवृत्तीत गावाच्या आठवणींऐवजी लाभार्थी कुटुंबे, खर्चाची फोड आणि देखरेखीची व्यवस्था येते, आणि अखेरच्या पाटीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक व संस्थेच्याच नावाचे बँक खाते. व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर पैसे मागणारी पाटी आम्ही तयार करत नाही.

लग्नांचे काम आम्ही सोडलेले नाही, कारण त्या उत्पन्नावरच सामाजिक कामाचे दर कमी ठेवता येतात. संस्थांकडून आम्ही प्रवास, संकलन आणि माणसांची मजुरी एवढेच शुल्क घेतो आणि ते आधी लेखी ठरवतो. जमलेल्या देणगीतील टक्केवारी देऊ करणारे प्रस्तावही येतात. ते आम्ही नाकारतो, कारण बंधाऱ्यासाठी दिलेल्या शंभर रुपयांतील काही रुपये आमच्याकडे वळणार असतील, तर ते देणाऱ्याला चित्रफितीतच सांगावे लागेल.