ट्रॅपमधले शेवटचे दोन मिली

सोडियम पॅरा-टोल्युइनसल्फोनेट बनवायच्या तीन वाटा आम्ही एकेका मोलवर (मोल म्हणजे रेणूंची ठरावीक संख्या) तपासत होतो. गिऱ्हाइकाला ते वीजवाहक पॉलिमरसाठी डोपंट, म्हणजे वाहकता वाढवणारं द्रव्य, म्हणून हवं होतं. सल्फेट आणि क्लोराइड दोन्ही अगदी कमी. तक्त्यात दुसऱ्या वाटेपुढे ९७ टक्के यील्ड, म्हणजे हिशोबाने मिळायला हव्या त्या मालातला प्रत्यक्ष मिळालेला वाटा, होतं. तो आकडा अजून डोक्यातून जात नाही.

पहिली वाट जुनी: टोल्युइनवर दुप्पट मोल ९८ टक्के सल्फ्युरिक. तयार होणाऱ्या पाण्याने ॲसिड पातळ होतं आणि सल्फोनेशन (टोल्युइनला सल्फोनिक गट जोडणं) मंदावतं, म्हणून जास्तीचं ॲसिड लागतं. तो उरलेला मोल कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) मारला तर १९४ ग्रॅम मालामागे १४२ ग्रॅम सोडियम सल्फेट. म्हणून आधी चुना, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) गाळून टाकायचं, मग सोडा ॲशने (सोडियम कार्बोनेटने) कॅल्शियम काढायचं. जिप्समचा केक माल धरून बसतो. धुवावं तेवढं पाणी वाढतं, आणि ते सगळं आटवावं लागतं.

तिसरी वाट टोल्युइनसल्फोनिल क्लोराइडची. शुद्ध पॅरा घेतला तर आयसोमरची, म्हणजे ऑर्थो आणि मेटा या वेगळ्या रचनेच्या भावंडांची, चिंता नाही, पण दोन मोल कॉस्टिक लागतं आणि मोलमागे ५८ ग्रॅम मीठ पडतं. क्लोराइडची अट असताना ती तपासण्यात वेळ घालवायलाच नको होता.

दुसरी वाट डीन-स्टार्कची, म्हणजे उकळत्या टोल्युइनबरोबर येणारं पाणी बाजूच्या ट्रॅपमध्ये वेगळं साठवणाऱ्या उपकरणाची: १०० ग्रॅम ॲसिड, ३७० ग्रॅम टोल्युइन, रिफ्लक्स (वाफ थंड करून परत सोडत सतत उकळणं). समीकरण १८ ग्रॅम पाणी सांगतं, म्हणून ट्रॅपमध्ये १८ मिली दिसताच बॅच थांबवली गेली. पण ९८ टक्के ॲसिड स्वतःचं २ ग्रॅम पाणी घेऊन येतं. थांबायचं होतं २० मिलीवर. ते शेवटचे दोन मिली सर्वांत हळू येतात, कारण तोवर उरलेलं ॲसिड थोडं असतं.

हे सांगितलं कॉस्टिकने. टोल्युइन वेगळं करून न्यूट्रल करताना ४० ग्रॅमऐवजी ४४.५ ग्रॅम लागलं. सल्फोनिक ॲसिडला एक मोल पुरतं, सल्फ्युरिकला दोन, म्हणजे ०.११ मोल सल्फ्युरिक तसंच राहिलेलं. खरा माल १७२ ग्रॅम, सल्फेट १६ ग्रॅम. दोन्ही एकत्र आटवून वजन केलं तर १८८ ग्रॅम, म्हणजेच ते ९७ टक्के. नुसत्या वजनावरून यील्ड लिहायची पद्धत मला मान्य नाही. हायड्रोक्लोरिक घातलेल्या नमुन्यात बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाकले असते तर पांढरा साका लगेच दिसला असता.

पुढची बॅच २० मिलीपर्यंत नेली. उरलेल्या किंचित सल्फेटला चुना पुरत नाही, कारण जिप्सम स्वतःच पाण्यात लिटरला दोनेक ग्रॅम विरघळतं. तिथे मोजून बेरियम कार्बोनेट लागतं, आणि बेरियम विषारी असल्याने तो साका वेगळा सांभाळावा लागतो.

एक गोष्ट मात्र कॉस्टिकही सांगत नाही आणि बेरियमही: आयसोमरचं प्रमाण. शून्य अंशाला सल्फोनेशन केलं तर ऑर्थो ४३ टक्के, पॅरा ५३. शंभर अंशाला ऑर्थो १३, पॅरा ७९. रिफ्लक्सवर पॅरा वाढतो, तरी ऑर्थो आणि थोडा मेटा राहतोच. तो एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) दिसतो, आणि आमच्या तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता.