आठ हजार हर्ट्झचा उशीर

राजारामपुरीतील ज्या दुकानात मी दुरुस्तीचे टेबल सांभाळतो, तेथे कीबोर्ड परत येतो तो बहुधा चहा सांडल्यामुळे किंवा एखादे अक्षर दोनदा उमटू लागल्यामुळे. “दादा, ह्यो उशिरा धरतोय बघा, जुना बरा हुता,” ही तक्रार मी त्या दिवशी प्रथमच ऐकली. तक्रार करणारा तरुण शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो आणि रात्री काउंटर-स्ट्राइक खेळतो. आठ दिवसांपूर्वी तो कीबोर्ड मीच त्याला विकला होता, आणि “तुमचा जुना 1000 हर्ट्झचा, हा 8000 चा, म्हणजे आठपट वेगवान,” हे वाक्यही माझेच होते.

त्याआधी तो दोनदा येऊन गेला होता आणि काउंटरवरील सहकाऱ्याने “मनाचे खेळ असतात” असे सांगून त्याला वाटेला लावले होते. ज्याला आकडे सांगता येत नाहीत त्याला फरक जाणवतही नसणार, असे गृहीत धरण्याची आमच्या धंद्यातील खोड मला कधीच पटलेली नाही. या माणसाकडे तर आकडेही होते. त्याने कामाच्या ठिकाणी सुट्टीनंतर डायल गेज (सूक्ष्म अंतर मोजणारे काट्याचे माप) लावून, कळ किती खोल गेल्यावर पडद्यावर अक्षर उमटते, हे दोन्ही कीबोर्डांवर मोजले होते. कागदावर जुन्याचे 1.98 आणि नव्याचे 2.03 मिलिमीटर लिहिलेले होते. एवढ्या फरकाने बोटाला उशीर जाणवणार नाही, हे त्याचे त्यालाच कळले होते, आणि म्हणून दोष आतला असावा असे तो म्हणत होता.

पोलिंग रेट म्हणजे संगणक कीबोर्डला “काही नवीन आहे का?” असे सेकंदाला किती वेळा विचारतो, तो आकडा; खोक्यावरचे हर्ट्झ ते हेच. 125 हर्ट्झच्या कीबोर्डात दाबलेल्या कळीला या विचारणेसाठी जास्तीत जास्त 8 आणि सरासरी 4 मिलिसेकंद थांबावे लागते. 1000 हर्ट्झला ही सरासरी अर्ध्या मिलिसेकंदावर येते. त्यापुढे 8000 वर जाऊन वाचतो तो अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी वेळ, आणि 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर चित्र बदलते ते दर 6.9 मिलिसेकंदांनी. हा हिशोब मला ठाऊक होता, तरी विकताना मी तो त्याला सांगितला नव्हता.

मधला यूएसबी हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा जोड) काढून दोन्ही कीबोर्ड थेट मदरबोर्डच्या पोर्टांना जोडले, तरी त्याचे मत बदलले नाही. मग मी बोटच मोजणीतून वगळायचे ठरवले. दोन्ही कीबोर्डांतील कळीखालचा एकेक स्विच उपसून त्या जागी एकेक ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशाच्या इशाऱ्याने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, जोडला आणि दोन्ही ऑप्टोकपलर एकाच मायक्रोकंट्रोलरच्या (छोट्या संगणक-चिपच्या) एकाच पिनवरून चालवले, म्हणजे दोन्ही कळा मायक्रोसेकंदांच्या फरकाने एकत्रच “दाबल्या” जाणार. कीबोर्डातील कळांच्या तारांच्या जाळीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, डायोडमुळे प्रवाह एकाच दिशेने वाहतो, त्यामुळे ऑप्टोकपलरची कलेक्टर आणि एमिटर ही दोन टोके उलटी जोडली तर कळ मुळीच लागत नाही. माझा पहिला अर्धा तास त्यातच गेला. दुसरी चूक अधिक फसवी होती. मी दर 100 मिलिसेकंदांनी कळ दाबत होतो, आणि तो ठोका पोलिंगच्या ठोक्याशी जुळत असल्याने उत्तरे संशय यावा इतकी एकसारखी येत होती. दोन दाबांमधील अंतर अनियमित केल्यावरच आकडे विश्वासार्ह झाले. तीनशे वेळा दाबून पाहिले, आणि 8000 हर्ट्झचा नवा कीबोर्ड जुन्याच्या मागे सरासरी साडेचार मिलिसेकंद पडत होता.

कारण शोधण्यासाठी मी दाब आखूड करत गेलो. 3 मिलिसेकंदांचा दाब जुन्याने प्रत्येक वेळी नोंदवला, नव्याने एकदाही नाही; 6 मिलिसेकंदांचा दोघांनीही नोंदवला. तेथे गुपित उघडे पडले. धातूचे संपर्क जुळताना क्षणभर थरथरतात आणि त्या थरथरीतून दुबार अक्षर उमटू नये म्हणून फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डाच्या आतील प्रोग्राममध्ये, डिबाउन्स नावाची तजवीज असते. जुना कीबोर्ड पहिल्या स्पर्शालाच कळवून पुढची थरथर दुर्लक्षित करत होता, तर नवा सर्व शांत होईपर्यंत थांबून मग कळवत होता, आणि माझ्या ऑप्टोकपलरमध्ये थरथर नव्हतीच, तरीही तो थांबतच होता. थांबून कळवण्यात गैर काही नाही. क्यूएमके या मुक्त फर्मवेअरमध्येही मुळात 5 मिलिसेकंदांचा असाच थांबा असतो, आणि त्यामुळे विद्युत गोंगाटाने खोटी कळ लागण्याचे टळते. पण पाच मिलिसेकंद दारात अडवून ठेवलेली बातमी पुढे एक अष्टमांश मिलिसेकंदात पोहोचवल्याची जाहिरात करणे मला खटकते.

वितरकाला मी मोजणीसह सविस्तर लिहिले. खोक्यावर 8000 लिहिले आहे, यंत्र 8000 देते, सबब दोष नाही, असे उत्तर आले, आणि शब्दशः पाहता ते खोटेही नाही. थांबा बदलण्याची सोय त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. मालकांशी बरीच हुज्जत घालून मी त्या तरुणाचे पैसे परत मिळवून दिले, त्यावरून सहकारी अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

पैसे मोजून घेताना त्याने विचारले, “मग आता कुठला घ्यू?” कपाटात त्याच किमतीचे आणखी तीन कीबोर्ड होते. मी त्याला दोन दिवस थांबायला सांगितले. दोन मोजून झाले आहेत आणि त्यांपैकी 1000 हर्ट्झचा एक त्याच्या जुन्याइतकाच तत्पर निघाला. तिसऱ्याचे स्विच बोर्डावर डाख देऊन बसवलेले आहेत आणि तो विकला जाण्यापूर्वी उघडू देण्यास मालक अद्याप तयार नाहीत.